गाठ : शब्दातली आणि शरीरातली

वैद्यकाच्या कोणत्याही शाखेत काम करणाऱ्या माणसाच्या कानांवर रोज कोणते शब्द पडतात, असे विचारले तर ‘ताप’ आणि ‘दुखणे’ यांच्या खालोखाल ‘गाठ’ हाच शब्द सांगावा लागेल. शल्यचिकित्सकाच्या वाट्याला तर तो दोन्ही बाजूंनी येतो. रुग्णाच्या अंगावरची गाठ तो काढतो आणि काढून झाल्यावर दोऱ्याची गाठच मारतो. लग्नात गाठ, भांडणात गाठ, पदराला गाठ, मनात गाठ आणि मेंदूतही गाठ! एका दोन अक्षरी शब्दाने किती संसार सांभाळावा याला काही मर्यादा असावी. पण मराठीने या शब्दाला ती घातलेली दिसत नाही.

आपल्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडताना केवळ भाषेची गंमत सांगावी असा हेतू नव्हता. रुग्ण जेव्हा ‘गाठ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक अर्थ असतो, डॉक्टर ऐकतो तो दुसरा असतो, आणि डॉक्टर जेव्हा नातेवाइकांना ‘गाठ आहे’ असे सांगतो तेव्हा ते तिसराच ऐकतात. या गोंधळात कधी महिने वाया जातात, तर कधी नको ती शस्त्रक्रिया होते. म्हणून या शब्दाचे पदर थोडे उलगडून पाहू.

संस्कृतात ‘ग्रन्थ्’ हा धातू ओवणे, गुंफणे, बांधणे या अर्थाचा आहे. त्यापासून ‘ग्रंथी’, प्राकृतात ‘गंठि’ आणि मराठीत ‘गाठ’. जुन्या छापील मराठीत हा शब्द ‘गांठ’ असा अनुस्वार देऊन लिहिला जात असे; १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि त्याबरोबर हाही गेला. हिंदीने आपला चंद्रबिंदू जपून ठेवला आहे. ‘ग्रंथ’ हा याच घरातला थोरला भाऊ. ताडपत्रांना भोक पाडून, त्यांतून दोरी ओवून, शेवटी गाठ मारली की ग्रंथ तयार होत असे. म्हणजे पुस्तक आणि गाठ ही एकाच दोरीची दोन टोके. जैन परंपरेतील ‘निर्ग्रंथ’ म्हणजे पुस्तक नसलेला नव्हे, तर गाठ नसलेला, बंधमुक्त. मुंडकोपनिषदात हृदयग्रंथी सुटण्याची गोष्ट आहे तीही याच अर्थाने. हृदयशल्यविशारदांनी ती आपल्याकडे ओढून घेऊ नये.

आपण इंदूरकरांना या शब्दाची हिंदी भावंडेही रोज भेटतात. सांधेदुखीला मराठी माणूस ‘संधिवात’ म्हणतो, हिंदी माणूस ‘गठिया’. बांबूच्या पेराला जशी गाठ तसा शरीराला सांधा, हा त्यामागचा विचार. ‘गठरी’ म्हणजे आपले गाठोडे. ‘गठबंधन’ हा शब्द वधूवरांच्या वस्त्रांच्या टोकांना मारलेल्या गाठीचा. तो राजकारणात गेला आणि तिथे ती गाठ किती सैल असते हे सर्वांनी पाहिले आहे. मालव्यातील खेड्यातून येणारा रुग्ण मात्र ‘गाँठ’ही म्हणत नाही, तो ‘गठान’ म्हणतो. ‘डाक्टर साब, गठान हो गई है’ हे वाक्य इथे नव्याने आलेल्या मराठी डॉक्टरला पहिल्या दिवशी कळत नाही आणि आठवड्याभरात पाठ होते.

मराठीतल्या गाठीचा स्वभाव मात्र मुळात मंगल आहे. लग्नगाठ, जानव्याची ब्रह्मगाठ, पाडव्याला गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठी. पूर्वी पैसा पदराच्या किंवा धोतराच्या टोकाला बांधून ठेवत, म्हणून ‘गाठीशी चार पैसे असणे’. विसरू नये म्हणून मारलेली ती ‘खूणगाठ’. दूरचा माणूस भेटला तर ‘गाठ पडली’, मुद्दाम गेलो तर ‘गाठ घेतली’, मुक्काम ‘गाठला’. केवळ एकाच ठिकाणी हा शब्द आवाज चढवतो: ‘गाठ माझ्याशी आहे!’ आणि तिथेही अर्थ जोडले जाण्याचाच आहे, फक्त प्रेमाने नव्हे. बांधणे, जोडणे, राखणे, आठवणे, भेटणे हे सारे चांगले अर्थ एका बाजूला. आणि हाच शब्द शरीरावर आला की घरातल्या सर्वांचे चेहरे उतरतात.

आपल्या आज्या गाठीचे दोन प्रकार स्पष्ट ओळखत: निरगाठ आणि सुरगाठ. एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, नखे तुटली तरी सुटत नाही ती निरगाठ. मुलाच्या चड्डीच्या नाडीला सुरगाठ मारायची आणि पापडाच्या डब्याच्या फडक्याला निरगाठ, हे ज्ञान घरात आपोआप येत असे. (नाडी हा शब्दही आपल्या धंद्यातला; पण तो विषय पुढच्या स्मरणिकेसाठी राखून ठेवतो.) शस्त्रक्रियेच्या पहिल्या वर्षात आम्हांला जे शिकवले जाते ते याहून फार निराळे नाही. दोन वेढे एकमेकांच्या उलट दिशेने दिले तर जी सपाट, न सरकणारी गाठ बसते ती ‘रीफ नॉट’. दोन्ही वेढे एकाच दिशेने दिले तर होते ती ‘ग्रॅनी नॉट’, दिसायला तशीच पण सरकणारी. रक्तवाहिनीवर या दोहोंतला फरक रात्री दोन वाजता कळतो.

ही विद्या फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास हेराक्लस नावाच्या ग्रीक वैद्याने हाडे बसवण्यासाठी व अवयव बांधून ठेवण्यासाठी उपयोगी अशा गाठींचे आणि फासांचे वर्णन लिहिले. ते आपल्यापर्यंत पोहोचले ते चौथ्या शतकात सम्राट जुलियनचा वैद्य ओरिबासियस याने आपल्या संग्रहात घेतले म्हणून. त्यातली एक गुंफण दुखावलेल्या जबड्याला आधार देण्यासाठी आहे. लहान मुले दोन्ही हातांच्या बोटांत दोरी अडकवून आकृत्या करतात तशीच ती आहे आणि अशा आकृतीचे ते सर्वांत जुने लिखित वर्णन मानले जाते. रोमन लोक रीफ नॉटला ‘हर्क्युलिसची गाठ’ म्हणत. या गाठीने बांधलेली जखम लवकर भरते असे प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासात नोंदवून ठेवले आहे. त्याच गाठीने रोमन वधूचा कमरपट्टा बांधत आणि तो सोडण्याचा मान पतीचा असे. जखमेची गाठ आणि लग्नाची गाठ एकच! प्लिनीच्या विधानात थोडे तथ्यही असावे. सपाट गाठ रुतत नाही, ढिली होत नाही आणि पट्टी जागची हलत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात हाताची झोळी बांधताना आजही तीच शिकवतात.

दोऱ्याप्रमाणे गाठीचे वेढे बदलतात. रेशमाला तीन वेढे पुरतात. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनसारखा एकतंतू गुळगुळीत दोरा आपला मूळचा सरळपणा विसरत नाही, त्याला अधिक वेढे द्यावे लागतात. पण नवशिक्याची खरी चूक वेढ्यांत नसते, जोरात असते. टाक्याने कडा जवळ आणायच्या असतात, आवळायच्या नसतात. फार घट्ट गाठीखालची त्वचा रक्ताविना मरते आणि सुबक दिसणारी जखम पाचव्या दिवशी उकलते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बाहेर गाठ बांधून नळीतून आत सरकवावी लागते. त्यासाठी रोडर यांच्या नावाने ओळखली जाणारी सरकगाठ कामी येते. ती मूळची टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेतली. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्त सेम यांनी ती पोटाच्या दुर्बिणीत रुळवली. पुढे सरकते, मागे येत नाही: सुरगाठ आणि निरगाठ यांचा हा संकर आजीला नक्की आवडला असता.

इतर क्षेत्रांतील गाठींना धावती भेट देऊन पुढे जाऊ. खलाशी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती समुद्रात सोडत आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून सरकल्या हे मोजत. म्हणून जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. पेरूच्या इंका साम्राज्यात लिपी नव्हती. कर, धान्य आणि माणसे यांचे हिशेब ‘किपू’ नावाच्या दोऱ्यांवर दशमान पद्धतीने गाठी मारून ठेवत. आपली खूणगाठ त्यांनी थेट सरकारी दप्तरात नेली, असे म्हणता येईल. गालिचाची किंमत चौरस इंचातल्या गाठींवर ठरते. सुतार गाठीच्या फळीला नाक मुरडतो, कारण ती मुळात एका फांदीचा बुंधा असते आणि रंध्याला दाद देत नाही.

गणितातील गाठीजवळ मात्र डॉक्टरांनी थोडे थांबले पाहिजे. १८६७ साली लॉर्ड केल्व्हिन यांनी अणू म्हणजे ईथरमधील भोवऱ्यांच्या गाठी असाव्यात अशी कल्पना मांडली. कल्पना चुकीची ठरली. पण तिच्यापायी त्यांचे मित्र टेट यांनी गाठींचे कोष्टक करायला घेतले आणि त्यातून गणिताची एक शाखा उभी राहिली. दोन गाठी एकच आहेत की निराळ्या, हा तिचा मूळ प्रश्न. तो वाटतो त्याहून पुष्कळ कठीण आहे. त्याचे एक प्रभावी साधन १९८४ मध्ये व्हॉन जोन्स यांनी दिले आणि १९९० मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले.

याचा आपल्याशी संबंध असा, की मानवी पेशीच्या केंद्रात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए कोंबून बसवलेला असतो. लांब दोरा लहान डबीत हलवला की त्याला आपोआप गाठी पडतात. रेमर आणि स्मिथ या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हे डबीत दोरा घालून, ती फिरवून रीतसर सिद्ध केले. (खिशातल्या इअरफोनने ते आपल्याला आधीच सांगितले होते.) पेशी विभागताना या गुंत्याचे काय होते? त्यासाठी टोपोआयसोमरेज नावाची विकरे आहेत. त्यांतले पहिले जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये शोधले. यांतील काही विकरे डीएनएचे दोन्ही धागे कापतात, त्या फटीतून दुसरा पदर पार करतात आणि कापलेली टोके पुन्हा सांधतात. अलेक्झांडरने गॉर्डियमची गाठ तलवारीने तोडली, पण तो पुन्हा जोडत बसला नाही. हे विकर दोन्ही करते. आपण सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून देतो तेव्हा जिवाणूचे हेच विकर अडवतो. कर्करोगाच्या पेशीवर इटोपोसाइड देतो तेव्हा आपल्याच पेशींच्या घरातले तसेच विकर अडवतो. म्हणजे गाठ सोडवणाऱ्याचे हात बांधून आपण रोग बरा करतो.

शरीररचनेच्या भाषेत गाठीने आणखी वेगळा प्रवास केला. लॅटिन ‘नोडस’ म्हणजे गाठ. त्यातून ‘नोड’, आणि लहान गाठ ती ‘नोड्यूल’. जर्मन भाषेत ‘क्नोटेन’ हा शब्द आपल्या गाठीसारखाच दोऱ्यालाही चालतो, लसिकाग्रंथीलाही आणि स्तनातल्या गाठीलाही. जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये जर्मनीत काम करताना हृदयातला विद्युत्संदेश जिथे थबकून पुढे जातो त्या पेशीपुंजाला हेच नाव दिले. पुढच्याच वर्षी कीथ आणि फ्लॅक यांना हृदयाची गती ठरवणारी दुसरी गाठ सापडली, तीही प्रथम चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल या प्राण्याच्या हृदयात. ग्रीक ‘गँगलियन’ हा आधी मनगटावरच्या टणक फुगवट्याचा शब्द. गेलनने तो मज्जातंतूंच्या गाठींना दिला आणि आज तो दोन्हीकडे चालतो. मराठी परिभाषाकारांनी ‘ग्लँड’साठी ‘ग्रंथी’ योजला. इंग्रजीतला तो शब्द मुळात ओकच्या फळाचा, आपला दोरीचा. मानसशास्त्रात हिंदीने ‘हीनता-ग्रंथि’ म्हटले, मराठीने ‘न्यूनगंड’. गंड म्हणजेही फुगवटाच. तेव्हा मनाला झालेले दुखणे दोन्ही भाषांना अखेर गाठीसारखेच वाटले.

गाठ चांगली की वाईट, हे ठरवण्याची एक सुरेख रीत मालव्याच्या शेतात आहे. आपला प्रदेश सोयाबीनचा. रोप उपटून मुळे धुतली की त्यांवर मोहरीएवढ्या ते वाटाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्यांत ऱ्हायझोबियम गटाचे जिवाणू राहतात आणि हवेतील नायट्रोजन पिकाला देतात. अशी गाठ बोटाने चोळली तर सुटून येते. फोडली तर आतून गुलाबी दिसते. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या द्रव्याचा, लेगहिमोग्लोबिनचा. आता दुसऱ्या गाठी पाहा. मुळांत सूत्रकृमी शिरला तरी गाठी होतात. पण त्या मुळावर बसलेल्या नसून मूळच सुजून झालेल्या असतात, चोळून सुटत नाहीत. शेतकरी चिमटीत धरून पाहतो: हलते की मुळाशी एकजीव आहे? आतून कशी आहे? स्तनाची किंवा मानेची गाठ तपासताना आपली बोटे हेच दोन प्रश्न विचारत असतात.

हे प्रश्न प्राचीनही आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड या चार विकारांना दिलेला आहे. त्यातील अर्बुदाचे वर्णन वाचताना आधुनिक शल्यचिकित्सक चकित होतो: वाटोळे, स्थिर, थोडेच दुखणारे, मोठे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. ‘न पिकणारे’ हा शब्द मोलाचा आहे. पिकणारे आणि न पिकणारे, दुखणारे आणि न दुखणारे, हलणारे आणि रुतलेले, असा भेद त्या काळी सूक्ष्मदर्शकावाचून केलेला आहे. मानेतल्या माळेसारख्या गाठींची अपची, म्हणजे आपल्या ‘गंडमाळा’, यांत क्षयाच्या पुष्कळ गाठी असाव्यात. आजही आपल्या देशात फुप्फुसाबाहेरील क्षयाचे सर्वाधिक आढळणारे रूप लसिकाग्रंथींचेच आहे.

आपल्या घरगुती मराठीनेही हा भेद फार बारकाईने जपला होता. पायाला जखम झाल्याने जांघेत येते ते अवधाण. काखेतली पिकणारी ती काखमांजरी. केसाच्या मुळाशी केसतूड, मोठे झाले की करट किंवा गळू. पापणीवर रांजणवाडी. कानाखाली गालगुंड. गळ्यावर गलगंड. वर्षानुवर्षे एकाच आकाराचे, मऊ, न दुखणारे ते आवाळू. अंगावर उठून तासाभरात जाणाऱ्या त्या गांधी. तळव्याला कुरूप, हाताला चामखीळ, रक्ताची किंवा पिठल्याची ती गुठळी. आता पाहा, यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एक निदान आहे. कुठे आहे, पिकते का, किती दिवस राहते, हे सारे नावातच सांगून टाकलेले आहे. एखाद्या वृद्धेने ‘अवधाण आलंय’ म्हटले की डॉक्टरने जांघेकडे न पाहता आधी पायाचा अंगठा पाहावा.

या शब्दांवर पहिले मोठे संकट आले ते प्लेगचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. जांघेत, काखेत किंवा मानेत येणारी दुखरी गाठ हे त्याचे लक्षण. ‘ब्युबॉनिक’ हे त्याचे विशेषणही ग्रीक भाषेतल्या जांघेवरूनच आलेले. मराठीत त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव मिळाले, पण लोक ‘गाठीचा रोग’ म्हणत. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या. यापूर्वी जांघेतली गाठ म्हणजे अवधाण, पोटीस बांधायचे दुखणे. त्या वर्षांनंतर जांघेतली गाठ म्हणजे मरण आणि विलगीकरणाची छावणी. लोक गाठ लपवू लागले. आपल्या इंदुरातही प्लेगच्या खेपा झाल्या. १९१७-१८ च्या सुमारास होळकर दरबाराने बोलावलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक जे रस्ते सर्वांत स्वच्छ झाले असतील त्यांवरून न्यायची असे जाहीर केले आणि घराघरांतून कचरा बाहेर निघाला, ही हकीकत जुन्या इंदूरकरांना ठाऊक आहे. लपवण्याच्या रोगाला त्यांनी मिरवण्याने उत्तर दिले.

प्लेग आज प्रतिजैविकांना दाद देतो. गंमत अशी की वर सांगितलेली डीएनएच्या गाठी अडवणारी औषधेही त्यावर वापरतात. परंतु ‘गाठ’ या शब्दाला चिकटलेले भय गेले नाही, ते कर्करोगाकडे सरकले. दरम्यान अवधाण, काखमांजरी, आवाळू हे शब्द शहरातल्या दोन पिढ्यांनी टाकून दिले. आज तिशीतला मराठी माणूस या सर्वांना एकच शब्द वापरतो. शब्दसंग्रह आटला म्हणजे भीती आटते असे नाही. ती एकाच शब्दात साठते.

त्याचे परिणाम रोज दिसतात. ‘मेंदूत गाठ आहे’ हे तीन शब्द घेऊन एखादे कुटुंब आपल्याकडे येते. ती गाठ अर्बुद असू शकते, रक्ताची गुठळी असू शकते, क्षयाची असू शकते, किंवा फीतकृमीच्या अळीची पुटी असू शकते. चार रोग, चार निरनिराळे उपचार, चार निरनिराळी भवितव्ये. शेवटच्या दोन्हींवर बहुधा औषधे पुरतात. पण चित्रफलक पाहून कोणीतरी ‘गाठ’ म्हणून सोडून दिलेले असते आणि घरच्यांनी मनातल्या मनात निरोप घेऊन टाकलेला असतो. तीच कथा ‘गर्भाशयात गाठ’ या निदानाची. फायब्रॉइड ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे, तिचे कर्करोगात रूपांतर होणे अतिदुर्मीळ. लहान आणि त्रास न देणाऱ्या फायब्रॉइडला हात लावण्याचेही कारण नसते. तरी ‘गाठ आहे, काढून टाकलेली बरी’ या एका वाक्यावर चाळिशीतल्या किती स्त्रियांनी गर्भाशय गमावले, हे आपल्या व्यवसायाने स्वतःला विचारले पाहिजे. त्या वाक्यात असत्य काही नाही, म्हणूनच ते अधिक आक्षेपार्ह आहे.

दुसऱ्या टोकाला आहे ती न दुखणारी गाठ. आपल्या लोकांची वेदनेवर फार श्रद्धा. दुखते म्हणजे रोग, दुखत नाही म्हणजे ‘चरबीची गाठ असेल’. सुश्रुताने मंद वेदना हे अर्बुदाचे लक्षण सांगितले ते आपण विसरलो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आणि ती ज्या बाईला सापडते ती मुलाची परीक्षा, नणंदेचे लग्न, दिवाळी हे सारे उरकून मग सांगते. मुंबईत टाटा मेमोरियल केंद्राने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. अशा गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. एकूण गटातील मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती, पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती सुमारे तीस टक्के होती. महागडे यंत्र नाही, शिकवलेली बोटे. माझ्या मते आपल्या संस्थेच्या महिला शाखेने हाती घ्यावे असे याहून स्वस्त काम नाही.

याच्या जोडीला एक गैरसमज इथे स्पष्ट खोडला पाहिजे: ‘सुई लावली की गाठ पसरते.’ तपासणीच्या सुईने स्तनाच्या किंवा मानेच्या गाठीचा रोग शरीरभर पसरतो याला आधार नाही. सुई टाळल्याने मात्र निदान टळते आणि रोग आपल्या गतीने पुढे जातो. स्तनाच्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात; पण ती कोणती हे बोटे, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुई या तिन्हींची साक्ष घेतल्यावाचून सांगता येत नाही. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकलेली गाठ असेल तर प्रथम तोंड उघडून पाहावे. मान नंतर.

राहता राहिला प्रश्न आपण डॉक्टरांनी वापरायच्या शब्दांचा. कर्करोग हा शब्द उच्चारणे नको म्हणून आपल्यापैकी बरेच जण ‘गाठ’ हा सौम्य पर्याय वापरतात. त्यात दया असते, हे मान्य. पण याच सवयीमुळे निरुपद्रवी आवाळूवाल्याला ‘गाठ’ म्हटले की तोही रात्रभर जागतो. जिथे कर्करोग आहे तिथे, रुग्णाची तयारी पाहून, तोच शब्द वापरावा. जिथे नाही तिथे नुसते ‘गाठ’ न म्हणता चरबीची, पाण्याची, क्षयाची, रक्ताची असे विशेषण लावावे आणि ते कागदावर मराठीत किंवा हिंदीत लिहून द्यावे. ‘नोड्यूल’ आणि ‘सिस्ट’ लिहिलेला अहवाल घरी जाऊन शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला जातो आणि मोबाइलवर त्याचा अर्थ शोधला जातो. तो अर्थ आपणच आधी सांगितलेला बरा.

आणि वृद्ध रुग्ण बोलत असेल तर त्याला मध्येच थांबवून ‘म्हणजे गाठच ना?’ असे विचारू नये. तो अवधाण म्हणाला असेल, तर पायाचा अंगठा पाहावा.